रंग न आलेलं पाणी

फार स्वच्छ प्रयोगशाळा मला नको वाटते. घाणेरडी प्रयोगशाळा परवडली. तिथे काय चुकलंय ते दारातूनच दिसतं. बेसिनमध्ये न धुतलेल्या बाटल्या पडलेल्या असतात, फ्रिजमध्ये गटाराच्या नमुन्याला खेटून कुणाचा तरी जेवणाचा डबा असतो, आणि दुपारच्या आत माझं काम उरकतं. स्वच्छ प्रयोगशाळेत दिवसभर शोधावं लागतं आणि शेवटी जे सापडतं ते लहान नसतं. माझी नणंद म्हणते, "वहिनी, दुसऱ्याच्या घरातली झुरळं शोधायचा पगार घेता तुम्ही." तिचं काही खोटं नाही. सांडपाणी तपासणाऱ्यांना तपासायचं, हीच माझी नोकरी. मला तपासायला घरी सासूबाई होत्या. त्या गेल्यापासून मी तेवढी मोकळी आहे.

ही प्रयोगशाळा म्हणजे एकच खोली होती. शहराचं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडतात त्या केंद्राच्या अगदी टोकाला, शेवटच्या कालव्याच्या काठावर. काही गोष्टी पाणी काढलं त्या जागीच मोजाव्या लागतात. बाटली गाडीत घालून मोठ्या प्रयोगशाळेत न्यावी तर पोचेपर्यंत त्या पाण्यातून उडून गेलेल्या असतात. क्लोरीन त्यातलाच. नदीत जाणाऱ्या पाण्यातले जंतू मरावेत म्हणून क्लोरीन घालतात, आणि तो पुरेसा पडला की नाही हे कळायला शेवटी थोडासा उरलेला दिसावा लागतो. तो उरलेला नळीत पावडर टाकून, येणाऱ्या गुलाबी रंगावरून मोजतात. त्यासाठी ही खोली होती आणि खोलीच्या परवान्याची मुदत संपत आली होती म्हणून मी आले होते.

खोलीचे प्रमुख दारातच उभे होते. पन्नाशी उलटलेले, उंच, पांढऱ्या कोटाची बटणं थेट गळ्यापर्यंत लावलेली. केंद्रात त्यांना सगळे तराजू म्हणतात हे मला फाटकावरच समजलं होतं. पहारेकरी म्हणाला होता, "तराजूसाहेबांकडे ना? सरळ जा. चपला मात्र बाहेर काढा, नाहीतर तुमचीच तपासणी व्हायची."

मी चपला बाहेर काढल्या.

आत गेले आणि कळलं, आज दिवसभर शोधावं लागणार. टेबलावर पुसल्याची खूण नाही इतकं ते पुसलेलं होतं. प्रत्येक बाटलीवर तारीख, उघडल्याची आणि संपायची, एकाच वळणदार अक्षरात. थर्मामीटर तपासून घेतलेले, त्यांचे दाखले ओळीने लावलेले. पीएच मीटर कालच जुळवून घेतलेलं आणि आज सकाळी पुन्हा. भिंतीवर प्रत्येक चाचणीचा तक्ता, पायरीपायरीने, तराजूसाहेबांनी स्वतः लिहिलेला. केरसुणीच्या दांड्यालासुद्धा चिठ्ठी होती, 'फक्त कोरड्या जमिनीसाठी'. मी ती वाचून हसले. ते हसले नाहीत.

"ओली फरशी हिने झाडली तर काड्यांना बुरशी येते," ते म्हणाले. "मग तीच बुरशी टेबलावर."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? असल्या माणसाच्या घरी बायको कशी राहत असेल, असा एक आगाऊ विचार मनात येऊन गेला.

दुपार होत आली तरी माझ्या हाती काही लागेना. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. वर्षाचे बारा महिने थातूरमातूर कारणं ऐकायची सवय झालेल्या माणसाला, विचारलेल्या प्रश्नाचं तेवढंच उत्तर देणारा कुणी भेटला की बरं वाटतं. मागेपुढे धावपळ करणारी, चहा पाजून गप्प करू बघणारी माणसं मी खूप पाहिलीत. तराजूसाहेबांनी चहा विचारला तोही खोलीबाहेरच्या बाकावर, कारण आत खाणंपिणं मना होतं. तिथे कप हातात घेऊन मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. तो सगळ्यांनाच विचारायचा असतो आणि सगळे त्याला "छे, छे" म्हणतात.

"निकाल बदलावा म्हणून कधी कुणी दबाव आणला होता?"

"हो," ते म्हणाले. "माझ्या सख्ख्या भावाने."

मी कप खाली ठेवला.

"पाठचा भाऊ," ते सांगू लागले. "इथेच क्लोरीनवर ऑपरेटर होता. मीच शब्द टाकून लावला होता. पिंपातलं क्लोरीनचं द्रावण नळाने कालव्यात सोडायचं, एवढंच काम. चार वर्षांपूर्वी उरलेला क्लोरीन कमी यायला लागला. मी त्याला सांगितलं, वाढव. तो म्हणाला, वाढवलं दादा. दुसऱ्या दिवशी बघतो तर शून्य. नळीत रंगच नाही. म्हटलं, अरे वाढव. तो म्हणतो, नळ पूर्ण उघडलाय. तरी शून्य. असे आठ-दहा दिवस गेले."

"मग?"

"मग काय. मी जे दिसलं ते लिहिलं. ऑफिसने बघितलं, पिंपं दुप्पट वेगाने रिकामी होतायत आणि पाण्यात क्लोरीनचा थेंब नाही. म्हणजे माल फाटकाबाहेर जातोय. विकतोय. दुसरा काय अर्थ निघतो?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी खरंच दुसरा अर्थ काढणार होते. "रात्री घरी आला माझ्या. म्हणाला, दादा, एकदा तरी शून्य लिहू नको, उद्या मी स्वतः तुझ्यासमोर सोडून दाखवतो. मी म्हटलं, मी आकडे भावकीत वाटत नाही. तो म्हणाला, निदान एकदा कालव्यावर वाकून वास तरी घे. मी म्हटलं, नाकाने अहवाल लिहीत नाहीत."

हे शेवटचं वाक्य प्रशिक्षणाच्या वर्गात मीसुद्धा म्हणते. मान डोलावण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

"त्याला काढलं. चोर म्हणून काढलं," तराजूसाहेब म्हणाले. "आणि नवा ऑपरेटर आला, त्याच्या पहिल्याच दिवशी नळी गुलाबी. आणखी काय पुरावा पाहिजे होता? तरी मी आशेने वाट बघत होतो हो, की नव्याच्या हातूनही शून्य यावं. नाही आलं."

त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता असं म्हणता येणार नाही. होता. पण तो कसा, तर दुखरा दात जिभेने पुन्हापुन्हा चाचपावा तसा. केंद्रात अजून त्यांचं उदाहरण देतात, हे त्यांनीच सांगितलं: पाठच्या भावाचीही गय केली नाही. मी म्हटलं, "कठीण गेलं असेल." ते म्हणाले, "कठीण काय त्यात? नळी जे दाखवते ते लिहायचं." आणि कप विसळायला उठले.

तपासणीचा शेवटचा भाग राहिला होता. नुसते कागद बघून भागत नाही. माणसाने माझ्यासमोर चाचणी करून दाखवायची असते, नमुना घेण्यापासून आकडा लिहीपर्यंत. मी म्हटलं, "उरलेला क्लोरीन दाखवा."

आम्ही कालव्याकडे निघालो. नळापाशी नवा ऑपरेटर उभा होता. चार वर्षं झाली तरी सगळे त्याला नवाच म्हणत. गुबगुबीत, केस पाणी लावून चापून बसवलेले, शाळेत इन्स्पेक्टर येतात त्या दिवशी पोरं उभी राहतात तसा उभा. मला बघून त्याने दोन्ही हात मागे नेले.

कालव्याच्या काठावर पाऊल टाकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाक चुरचुरलं, घसा खवखवला. मी पदर नाकाला लावला. तराजूसाहेब शांतपणे वाकून बाटली भरत होते.

"तुम्हाला वास नाही येत?" मी विचारलं.

"माझं नाक कधीच गेलंय, मॅडम. या कामात पहिलं नाक जातं. घरी गॅस राहिला तरी बायकोलाच कळतो." ते सरळ झाले. "तसाही आपला काय संबंध वासाशी?"

काठावरच्या ओट्यावर त्यांनी पेटी उघडली. त्यांचे हात बघत राहावे असे होते. काचेची छोटी नळी नमुन्याने धुतली, खुणेपर्यंत भरली, बाहेरून मऊ फडक्याने पुसली. त्यात पावडरची पुडी रिकामी केली, बूच लावलं, आणि बूच लावता लावताच नळी रंग मोजणाऱ्या मीटरच्या खाचेत घालून वर झाकण बंद केलं. उजेड लागून आकडा बिघडू नये म्हणून. नळी हलवायची ती मीटरसकट हलवली. मग मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे लावून थांबले. सगळं तक्त्यात होतं तसं. माझ्या इतक्या वर्षांत इतक्या सफाईने ही चाचणी केलेली मी पाहिली नव्हती, आणि नेमकी तीच सफाई मला खटकली, कारण पावडर पडल्यापासून त्यांनी नळीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायला त्यांनी स्वतःला सवडच ठेवली नव्हती.

वेळ झाली. बटण दाबलं. मीटरवर आकडा आला: शून्य.

त्यांनी दुसरी नळी घेतली. पुन्हा सगळं तसंच. पुन्हा शून्य.

तराजूसाहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ते ऑपरेटरकडे वळले. "आज? अहो, आजच्या दिवशी तरी?"

"काय झालं, साहेब?"

"शून्य आहे! थेंब नाही पाण्यात!"

"आईशप्पथ साहेब," ऑपरेटर म्हणाला, "नळ पूर्ण उघडलाय. मॅडम येणार म्हणून सकाळपासून जास्तच सोडतोय. दोन पिंपं संपली, तिसरं लावलंय, बघा तरी येऊन!"

"पिंपं संपतात आणि पाण्यात काही नाही? मग जातं कुठे?"

"मला चोर म्हणता काय?" त्याचा आवाज चढला. "चार वर्षांत कधी आळस केला असेल, नाही म्हणत नाही. पण चोरी? साहेब, तोंड सांभाळून बोला."

तराजूसाहेब एकदम नळाकडे वळले. मला वाटतं, हेच शब्द त्यांनी आधी कुणाच्या तोंडून ऐकले होते ते त्यांना त्या क्षणी आठवलं.

तपासायला जाणाऱ्याने शिकवायचं नसतं, हा आमचा नियम आहे. तपासायचं, लिहायचं आणि निघायचं. शून्य कशामुळे आलं ते मला आता माहीत होतं. ते माहीत असून गप्प बसावं असंही मनात आलं, हे खरं. अहवालात एक शेरा मारला असता, चाचणीची पद्धत सुधारावी म्हणून, आणि माझी गाडी फाटकाबाहेर गेली असती. पण माझे डोळे झोंबत होते, तो गुबगुबीत माणूस रडायच्या बेतात होता, आणि नळाखालून ते सगळं विष नदीत चाललं होतं. नियम गेला खड्ड्यात.

"तोच नमुना पातळ करून बघा," मी म्हटलं. "एक भाग हा, नऊ भाग शुद्ध पाणी."

तराजूसाहेबांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "शून्य पातळ करून काय निघणार, मॅडम?"

"शून्यच निघेल. मग बिघडलं काय? करा. आणि या वेळी झाकण लावू नका. नळी हातात धरा."

त्यांनी केलं. मनाविरुद्ध करतानाही हात तसाच नेटका. नऊ भाग शुद्ध पाणी, एक भाग कालव्यातलं. पुडी टाकली, बूच लावलं, नळी हलवली आणि उजेडात धरली.

बीट चिरल्यावर बोटं होतात तसं झालं ते पाणी.

मग ऑपरेटर म्हणाला, "आला की रंग!"

"आता पातळ न केलेलं घ्या," मी म्हटलं. "तसंच. डोळ्यांसमोर."

त्यांनी पुडी टाकली. नळीत गुलाबी रंगाचा एक लोट उठला आणि पापणी लवेपर्यंत विरून गेला. पाणी पुन्हा स्वच्छ, पिण्याच्या पाण्याइतकं निर्मळ. तराजूसाहेबांनी ती नळी डोळ्यांच्या अगदी जवळ नेली.

"थोडा क्लोरीन असेल तर पावडर गुलाबी होते," मी सांगितलं. "फारच असेल तर तोच क्लोरीन रंगही खाऊन टाकतो. मीटरला रंग दिसत नाही, म्हणून तो शून्य म्हणतो. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं हे. तुमच्या तक्त्यात ते आलेलं नाही."

"म्हणजे मी सोडत होतो!" ऑपरेटरने कपाळावरचा घाम पुसला. त्याला हसू फुटलं. "अति तिथे माती झाली, एवढंच ना? चोर नाही म्हणजे मी!"

"नळ आधी कमी करा," मी त्याच्यावर खेकसले. तो पळाला.

तराजूसाहेबांनी पेटी आवरली. वापरलेल्या नळ्या धुतल्या, पुसल्या, आपापल्या खाचेत ठेवल्या. मग आम्ही खोलीत आलो. ते चपला काढायला विसरले. चिखलाची पावलं दारापासून टेबलापर्यंत उमटली आणि ते त्यांच्याकडे न बघता खुर्चीवर बसले.

"म्हणजे मी जितकं वाढव म्हणत गेलो..." ते म्हणाले.

मी वहीत तारीख घातली. वाक्य त्यांचं होतं.

"...तितका रंग जात गेला. तो रोज माझं ऐकत होता. मी म्हणायचो वाढव, तो वाढवायचा." ते माझ्याकडे वळले. "आणि हा नवा आला तेव्हा?"

"त्याने कमी सोडलं असेल."

"आळशीच आहे तो," ते म्हणाले. "पहिले काही दिवस तर नळाकडे फिरकायचाही नाही. म्हणून रंग आला." मग म्हणाले, "भावाच्या त्या आठ-दहा दिवसांत खाली नदीत मासे मेले होते. ढिगाने. सगळे म्हणाले, जंतू मारले नाहीत, घाण पाणी गेलं, म्हणून मेले. मीही म्हटलं."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. दया का ते सांगायला नको. राग याचा, की जन्मभर सोबत वाढलेला भाऊ हात जोडून सांगतोय आणि या माणसाने बोटभर काचेच्या नळीवर विश्वास ठेवला. पण मग माझंच मला हसू आलं. आम्हीच नाही का यांना हे शिकवत? माणसावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा. त्यांनी आमचा धडा गिरवला, तो जरा जास्तच मन लावून गिरवला.

"लिहा," ते म्हणाले. "आजचं लिहा आणि मागचंही लिहा. ते आठ-दहा दिवसांचे सगळे आकडे खोटे होते असं लिहा."

"मी आज डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहू शकते," मी म्हटलं. "मागचे आकडे संशयास्पद आहेत हे तुम्हालाच कळवावं लागेल. आणि खरं सांगू? कळवूनही सिद्ध काही होणार नाही. ते पाणी केव्हाच वाहून गेलं. क्लोरीन तर त्याच दिवशी उडाला. फार तर असं म्हणता येईल की तसं झालं असण्याची शक्यता आहे."

"शक्यता!" ते ताडकन उभे राहिले. "पिंपं दुप्पट रिकामी होत होती, मॅडम! हिशेब तेव्हाही लागतच होता. मी तो उलटा लावला." ते पुन्हा बसले. "माझी नोकरी जाईल का?"

"जाऊ शकते. परवाना तर नक्की अडकेल."

"जाऊ दे," ते म्हणाले, आणि मला वाटतं, दिवसभरातलं हे एकच वाक्य ते विचार न करता बोलले होते.

बाहेरून ऑपरेटरचं शीळ घालणं ऐकू येत होतं. तराजूसाहेब कोटाचं वरचं बटण काढू लागले. ते निघेना. मग त्यांनी तो नाद सोडून दिला.

"आईला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा म्हटलं, आपण सांगावं. ती माझ्याकडेच राहायची. तिने एका शब्दानेही उलट विचारलं नाही मला. थोरला खोटं बोलत नाही, एवढंच म्हणाली. तिला माझं फार कौतुक. धाकट्याला तिने पुन्हा दारात उभं केलं नाही. तो यायचा, जिन्यापाशी थांबून माझ्या बायकोला विचारायचा, आई कशी आहे, आणि जायचा."

"आता कुठे असतात आई?"

"गेली. मागच्या वर्षी." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "दवाखान्यात शेवटी आला होता तो. ती शुद्धीवर होती. पाणी मागितलं तिने. त्याने पेला उचलला आणि तिच्या तोंडाशी धरला. तिने बघितलं कोण आहे ते आणि ओठ मिटून घेतले. घट्ट. तो धरून उभाच. पाणी गळ्यावर सांडलं, तरी धरून उभा. मी पलंगाच्या या बाजूला होतो, मॅडम. मी म्हटलंही नाही, आई, घे."

मी उठून खिडकी उघडली. बाहेरचा वास आता थोडा उतरला होता.

मागे वळले तर त्यांनी फोन काढला होता. चार वर्षांत न लावलेला नंबर. तो त्यांनी शोधला नाही, बोटांनी सरळ लावला. फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. मी बाहेर जायला निघाले. त्यांनी हातानेच थांबा म्हणून खूण केली. एकट्याने करवत नसावं.

एका बाईने उचलला. "हॅलो? कोण?" मग नंबर ओळखून आवाज एकदम दबला. "भाऊजी, तुम्ही?" उत्तराची वाट न बघता तिने आत हाक मारली, "अहो, इकडे या लवकर. दादांचा फोन आहे."

पावलं वाजली. फोन हातात घेतल्याचा आवाज आला.

"काय झालं?" धाकट्याचा आवाज घाबरलेला होता. "कोण गेलं?"

"कुणी नाही," तराजूसाहेब म्हणाले. "सगळे बरे आहेत."

"मग?"

"आज तपासणी होती इथे." ते अहवाल वाचून दाखवावा तसे बोलू लागले, त्यांना दुसरं बोलता येत नसावं. "नमुना शून्य आला. पातळ करून पाहिला. एकास नऊ. रंग आला, गडद. क्लोरीन फार असला की पावडरचा रंग टिकत नाही, शून्य दिसतं. मला माहीत नव्हतं हे. पावडर पडताना मी कधी नळीकडे बघितलंच नाही, झाकण लावून टाकायचो." त्यांनी फोन जवळ ओढला. "तू सोडत होतास. तू सगळं बरोबर करत होतास."

पलीकडे त्यांच्या घरात कुठेतरी भांडं पडलं, कुणीतरी ते उचललं.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय." धाकट्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. लहान मुलाला समजवावं तसा तो सावकाश बोलला, "पण दादा, हे मला कशाला सांगतोस? मी सोडत होतो हे मला माहीतच होतं."

"मी ऑफिसला कळवतो. आजच लिहून देतो. सगळ्यांना सांगतो. बोल ना, कुणाला सांगू?"

"ऑफिसचं राहू दे," धाकटा म्हणाला. "आईला सांग."

आणि फोन बंद झाला.

तराजूसाहेब टेबलावरच्या फोनवर ओणवे झाले होते, तोंड अगदी त्याच्याजवळ नेऊन. पडदा काळा पडला तरी ते तसेच राहिले.

"सांगतो," ते म्हणाले. "हो, सांगतो."